रिकाम्या पुंगळीचे पितळ : काट्यावर घ्यावे का, पुन्हा भरावे का?

आमचा धंदा कापडाचा. पितळेशी आमचा संबंध घरच्या हंड्या-कळशांपुरता. तरीही या वेळी या पानावर पितळेविषयी लिहीत आहोत, त्याला कारण मानोऱ्याच्या बाजारात आमच्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग आहे. तो ऐकून वाचक म्हणतील की हे आपल्याही दुकानात घडू शकते. म्हणूनच लिहिणे जरूर वाटले.

आमच्या दुकानाला लागून मोड-भंगार घेणाऱ्या एका भावाचे दुकान आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांत फेरी करून आलेली पोरे संध्याकाळी त्याच्याकडे माल उतरवतात. असाच एक पोरगा आला आणि त्याने गोणी रिकामी केली. फुटका तांब्या, नळाच्या तोट्या, जुन्या स्टोव्हची टाकी, आणि त्यांच्यासोबत बोटाच्या पेराएवढ्या दहा-बारा पितळी नळ्या खणखणत खाली पडल्या. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघड्या.

"चाचा, असली पितळ हाय हे. चुंबक लावून पाहा," पोरगा म्हणाला.

दुकानदाराने चुंबक लावून पाहिले. चिकटले नाही. मग सवयीप्रमाणे त्याने हातोडी उचलली. पोकळ माल आला की ठोकून चपटा करायचा, आत माती किंवा लोखंड भरलेले नाही याची खात्री करायची आणि मग काट्यावर टाकायचा, ही या धंद्यातली रोजची रीत आहे. तेवढ्यात तिथे चहा घेत बसलेले एक वयस्क कारागीर म्हणाले, "अरे, ठोकू नको. या बंदुकीच्या पुंगळ्या आहेत. यात पुन्हा दारू भरतात म्हणे. अशाच साबूत ठेव, भंगारापेक्षा जास्त भाव येईल."

आम्ही उठून जवळ गेलो. पुंगळ्या पाहिल्या. बाकी सगळ्या उघड्या होत्या, पण एकीच्या तोंडाशी गोळी तशीच बसलेली होती. ती रिकामी पुंगळी नव्हती. ते जिवंत काडतूस होते, आणि हातोडी त्याच्यापासून वीतभर अंतरावर होती.

त्या संध्याकाळी पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी त्या कारागिरांच्या बोलण्याचा विचार करू, कारण ते पूर्ण चुकीचे नव्हते. पितळी पुंगळी पुन्हा भरता येते हे खरे आहे. पण कोणाला, कशी आणि कोणत्या परवान्याने, हे कळल्याशिवाय ते अर्धे खरे माणसाचा हातही नेऊ शकते आणि घरदारही बुडवू शकते.

काडतुसाचे चार भाग

काडतूस म्हणजे चार वस्तूंची जोडणी. सर्वांत पुढे गोळी. तिच्या मागे पितळेची नळी, तिलाच पुंगळी म्हणतात. नळीच्या आत दारू. आणि बुडाच्या मध्यभागी बसवलेली लहानशी टोपी, जिच्यात ठिणगी पाडणारा मसाला असतो. बंदुकीचा घोडा ओढला की एक सुई टोपीवर आपटते, टोपी पेटते, ती दारूला पेटवते आणि वायूच्या दाबाने गोळी बाहेर पडते. मागे उरते ती पुंगळी.

पुंगळीसाठी पितळच का वापरतात, हे तांबट-कासार बांधवांना लगेच समजेल. या पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. हे पितळ खोल ओढून नळी बनवायला सोयीचे आणि लवचिकही असते. दारू पेटली की पुंगळी क्षणभर फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरला की ती थोडी आकसते आणि सहज बाहेर येते. फुगून परत आकसण्याच्या या गुणामुळेच ती पुन्हा वापरता येते. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पुंगळ्याही जगात बनतात, पण पुन्हा भरण्यासाठी पितळेलाच मान आहे.

आपल्या महाराष्ट्राचा या मालाशी जुना संबंध आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला रायफलीची काडतुसे बनतात. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात पितळेसारख्या धातूंचे काम होते. पूर्वी हे सर्व कारखाने आयुध निर्माणी मंडळाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्यांपैकी खडकी आणि वरणगाव हे कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे गेले आणि अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडिया कंपनीकडे.

एक गोष्ट भंगारवाल्यांनी नीट लक्षात ठेवावी. पुंगळीच्या बुडावर अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. खडकीच्या मालावर 'केएफ', वरणगावच्या मालावर 'ओएफव्ही' अशी इंग्रजी अक्षरे येतात, आणि फौजी मालावर बहुधा सालही असते. म्हणजे प्रत्येक पुंगळीच्या बुडावर तिचा पत्ता लिहिलेला असतो. तो आपल्याला वाचता आला नाही तरी तपास करणाऱ्याला वाचता येतो.

पुन्हा भरणे म्हणजे काय

अमेरिकेत आणि इतर काही देशांत नेमबाजीचे शौकीन लोक झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून कायद्याच्या चौकटीत पुन्हा भरतात. काडतुसात सर्वांत महाग भाग बहुधा पितळेचाच असतो, म्हणून त्यात बचत होते. पण जे हे काम जाणतात त्यांचा अर्धा वेळ भरण्यात नाही तर नाकारण्यात जातो. कोणती पुंगळी फेकायची, हे ओळखणे हीच त्या कामातली खरी विद्या आहे.

कापडाच्या धंद्यात आम्ही थान उजेडासमोर धरून पाहतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या कापडात ताणलेला, विरलेला धागा उजेडातच दिसतो. पुंगळीचेही तसेच आहे. आधी ती स्वच्छ करतात, कारण काजळीखाली चीर लपते. मग एकेक हातात घेऊन पाहतात. पिस्तुलाची आणि रिव्हॉल्व्हरची पुंगळी बहुधा सरळ नळीसारखी असते आणि तिला चीर पडते ती बहुतेक वेळा तोंडाशी. केसाएवढी चीर दिसली तरी ती बाद. बुडाच्या किंचित वर चमकदार कडे किंवा आडवी रेघ दिसली तर आतून पितळ ताणून पातळ झाले असण्याचा धोका असतो. हा दोष रायफलीच्या पुंगळीत जास्त आढळतो, पण दिसला की तीही बाद. काही पिस्तुलांत पुंगळीच्या बुडाच्या एका बाजूला पोलादाचा पुरता आधार नसतो. तिथे पितळ फुगून पोट येते. असे पोट आलेली पुंगळी दाबून सरळ केली तरी ती जागा कमजोरच राहते. बुडातली टोपीची खोबण सैल झाली असेल तर टोपी नीट बसत नाही आणि वायू मागे फुटतो.

किती वेळा वापरावी याचा ठरलेला आकडा नाही. दाब कमी असेल तर पुंगळी जास्त टिकते, दाब जास्त असेल तर लवकर जाते. म्हणून जाणकार लोक एकाच मापाचा, एकाच कारखान्याचा आणि सारख्या वेळा वापरलेला माल वेगळा ठेवतात आणि त्याची नोंद करतात. ज्या पुंगळीचा इतिहास ठाऊक नाही तिच्यावर ते विश्वास टाकत नाहीत. आता विचार करा, फेरीवाल्याच्या गोणीतून आलेल्या पुंगळीचा इतिहास कोणाला ठाऊक असणार? ती कोणत्या हत्यारातून झाडली, किती वेळा झाडली, उन्हापावसात किती दिवस पडून होती, कशाचाच पत्ता नाही. म्हणजे कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्या बाजारात येणारी पुंगळी ही नेमकी तीच, जी शहाणा नेमबाज सर्वांत आधी फेकून देईल.

तांबटाची विद्या इथे चालत नाही

आमचे कारागीर बांधव म्हणतील की पितळ कडक झाले तर ताव देऊन नरम करता येते, त्यात काय मोठे? पितळ ठोकले, ताणले की कडक होते आणि कडक झालेले पितळ तडकते. ताव दिला की ते पुन्हा नरम पडते. भांड्यांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे आहे.

पण पुंगळी म्हणजे भांडे नव्हे. तिचे तोंड नरम हवे आणि बूड कडक हवे. कारखान्यात ते मुद्दाम तसे केलेले असते. सगळा दाब शेवटी बुडावर येतो, आणि बूड नरम पडले तर ते त्या दाबापुढे टिकत नाही. तापलेला वायू आणि पितळेचे तुकडे मग मागे येतात, डोळ्यांवर आणि हातावर. सगळी पुंगळी भट्टीत लाल करून नवी करू पाहणारा कारागीर तिला नवी करत नाही, तिचा कणा मोडतो. बाहेरून मात्र ती अधिक सुंदर दिसते. धोका तोच आहे.

दुसरा धोका दारूचा. पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत दारू इतकी थोडी लागते की नळी अर्धीही भरत नाही. लक्ष चुकले तर त्याच नळीत दुप्पट दारू सहज मावते आणि बाहेरून काहीच कळत नाही. अशी चूक हत्यार फोडते. ज्या देशांत हे काम परवानगीने चालते तिथेही ते छापील तक्ते, अचूक तराजू आणि तपासलेली यंत्रे यांच्याशिवाय करू नये असे बजावतात. अंदाजाने काही करायचे नाही, हा तिथला पहिला नियम आहे.

आणि बारुदीचे काम प्रशिक्षित हातांतही जोखमीचेच असते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या सरकारी आयुध कारखान्यात स्फोट होऊन किमान आठ कामगार दगावले. जिथे नियम आहेत, देखरेख आहे, तिथली ही गोष्ट. मग दुकानाच्या माडीवर किंवा घराच्या पडवीत काय होईल?

तबेल्यातील पुंगळ्या आणि नवसागर

इथे एक जुनी हकिकत सांगतो. ती आपल्याच देशातली आहे आणि कल्हईवाल्यांच्या कामाची आहे.

इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात फौजेची हालचाल कमी होई. तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवून देत. पाऊस संपला की पेट्या उघडत, तो बऱ्याच पितळी पुंगळ्यांना चिरा पडलेल्या असत. विशेषतः गोळी जिथे दाबून बसवलेली असते तिथे. ना कोणी त्या झाडल्या होत्या, ना कोणी आपटल्या होत्या. पितळ आपोआप कसे फाटले, याचा उलगडा बरीच वर्षे झाला नाही. हंगामात पडणारी चीर म्हणून इंग्रजीत तिला तसेच नाव पडले.

कारण नीट कळले ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन शास्त्रज्ञांनी दाखवले की दोन गोष्टी एकत्र आल्या की असे होते. पहिली, पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण. दुसरी, हवेतील अमोनिया. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटत होता, पावसाळी दमट हवेत तो पितळेवर बसत होता, आणि ताणलेल्या जागी पितळ कुरतडले जात होते. हलका ताव देऊन ताण काढला की हा रोग टळतो.

आता नवसागराची गोष्ट घ्या. कल्हई करताना जो नवसागर टाकतात त्यातून हाच अमोनिया सुटतो. गुरांच्या गोठ्यातही तो असतोच. म्हणून ठोकून घडवलेले आणि ताव न दिलेले पितळ गोठ्यात साठवू नये, आणि अमोनिया असलेल्या पाण्याने धुऊ नये. घरच्या भांड्याला चिंच-मीठ पुरेसे आहे. पुंगळीच्या बाबतीत तर ही साधी बाब जीवावर बेतू शकते. शेताच्या बांधावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडलेली पुंगळी चमकवून कोणी भरायला घेतली, तर तिच्या आतल्या चिरा चमकण्याने भरून निघत नाहीत.

कायदा काय सांगतो

आम्ही वकील नाही. पण व्यापाऱ्याला जेवढे ठाऊक असायलाच हवे तेवढे सांगतो.

१९५९ चा शस्त्र कायदा दोन गोष्टी वेगळ्या मानतो. बंदूक किंवा दारूगोळा बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली लागतो. दारूगोळा बनवणे, विकणे यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. ज्याच्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे त्याने आपल्या परवान्यात नेमके काय लिहिले आहे ते वाचावे आणि शंका असेल तर जिल्हाधिकारी कचेरीतील परवाना शाखेत विचारावे. शेजाऱ्याचे ऐकून काडतूस भरायला बसू नये.

२०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे किंवा विकणे याला आता किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड. परवान्याशिवाय दारूगोळा नुसता बाळगणे याला किमान दोन वर्षे ते पाच वर्षे आणि दंड. एका काडतुसासाठी दोन वर्षे म्हणजे किती, हे ज्याचे दुकान एका माणसावर चालते त्याने मनाशी मोजावे.

मग रिकाम्या पुंगळीचे काय? कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. मात्र कलम ४५ मध्ये एक सूट आहे. दारूगोळ्याचे किरकोळ भाग जर त्यांच्या जोडीच्या इतर भागांसोबत वापरण्याच्या इराद्याने ठेवलेले नसतील, तर त्यांना हा कायदा लागू होत नाही. या वाक्यातला 'इरादा' हा शब्द पाहा. तोच पितळेचा तुकडा भंगार म्हणून पडला असेल तर एक गोष्ट, आणि भरून विकण्यासाठी साबूत जपून ठेवला असेल तर दुसरी. "साबूत ठेव, जास्त भाव येईल" हा सल्ला आमच्या शेजाऱ्याला या सुटीच्या आतून उचलून बाहेर ठेवणारा होता. शिवाय ही सूट कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि कोर्टापर्यंत जाईतो दुकानाला कुलूप लागते, घरच्यांची झोप उडते आणि बाजारात नाव खराब होते.

आणखी एक प्रश्न मालकीचा. पोलीस आणि लष्कराच्या सरावात झाडलेल्या पुंगळ्या वेचून, मोजून जमा करण्याची पद्धत आहे. म्हणजे ती हिशेबाची वस्तू आहे, रस्त्यावरचे भंगार नव्हे. ती बाजारात आली तर कुठून आली, हा प्रश्न उभा राहणारच. चोरीचा माल बेइमानीने घेण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचे कलम ४११ होते.

भंगारात लपलेला मृत्यू

हे भय दाखवण्यासाठी लिहीत नाही. घडलेले सांगतो.

३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगाराचा स्फोट झाला आणि दहा कामगार ठार झाले. त्या भंगारात तोफगोळे होते. त्यानंतर सरकारने आयात भंगारासाठी कडक नियम केले. तुकडे न केलेल्या भंगारासोबत असा दाखला लागतो की मालात कोणत्याही प्रकारचा दारूगोळा किंवा काडतुसे नाहीत, मग ती वापरलेली असोत की न वापरलेली.

दुसरी घटना आपल्याच विदर्भातली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजी येथे मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर आलेले मजूर होते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, इथल्या के. के. रेंज या लष्करी सरावाच्या मैदानाच्या आसपासही धातू वेचताना गावकऱ्यांनी जीव गमावले आहेत. दोन पैशांच्या पितळेसाठी आणि तांब्यासाठी हे घडते. वेचणारा गरीब असतो, पण त्याला वेचायला लावणारा भाव आपल्या काट्यावर ठरतो. ही जबाबदारी घेणाऱ्याने ओळखावी.

मग पितळेचा चांगला उपयोग कोणता

पितळेची खरी बरकत वितळण्यात आहे. पितळ कितीही वेळा वितळवले तरी पितळच राहते. फक्त जस्त थोडे उडते, ते भरून काढावे लागते. सरकारी खात्यांचे आणि कारखान्यांचे भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात निघते. १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठीच ही कंपनी निघाली. तिथून घेतलेल्या मालाला कागद असतो. ज्याला मोठ्या प्रमाणावर पितळ हवे त्याने त्या वाटेने जावे.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले तर जीएसटी घेणाऱ्यानेच भरायचा आहे आणि तसे बिल स्वतः बनवायचे आहे. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण हेच बिल आणि खरेदी-वही उद्या "हा माल कोणाकडून घेतला?" या प्रश्नाचे उत्तर ठरते. कर-सल्लागाराला विचारून ती वही आजच सुरू करावी.

ओतारी बांधवांसाठी दोन शब्द. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि हे पितळ वितळते साधारण ९१५ ते ९५५ अंशांवर. म्हणून मुशीवर पांढरा धूर येतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. भट्टी मोकळ्या हवेत ठेवावी. दुसरे म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या काजळीत बहुधा शिसे असते, कारण टोपीच्या मसाल्यात शिशाचा क्षार वापरतात. असा माल कागदोपत्री हाती आला तरी तो कोरडा झटकू नये, त्याच हाताने बिडी-पान किंवा भाकरी खाऊ नये, आणि लहान मुलांना तो निवडायला बसवू नये. शिसे मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त अपाय करते.

दुकानात लावून ठेवावे असे नियम

१) मोडीच्या गोणीत पुंगळी, गोळी किंवा ओळख न पटणारी बंद नळी दिसली की ठोकणे, कापणे, तापवणे ताबडतोब बंद करावे.

२) बुडावर सुईचा खड्डा आहे म्हणून काडतूस मेले असे समजू नये. टोपीवर सुई पडूनही कधी कधी ती पेटत नाही आणि काडतूस जिवंतच राहते. नजरेने खात्री होत नाही.

३) जिवंत काडतूस किंवा गोळा दिसला तर तो उचलून ठाण्यात नेऊ नये. माणसे दूर करावीत आणि ११२ वर फोन करावा. मोठी वस्तू असेल तर पोलीस त्यांचे बॉम्ब नाशक पथक बोलावतात.

४) मुशीत जाणारा प्रत्येक पोकळ तुकडा आधी उघडून पाहावा. बंद तोंडाचा माल भट्टीत टाकू नये.

५) फेरीच्या पोरांना ही ओळख करून द्यावी आणि सांगावे की असा माल आणला तर भाव मिळणार नाही. पण आणला म्हणून शिवीही मिळणार नाही. शिवी दिली की पोरगा पुढच्या वेळी लपवून आणेल.

६) "साबूत द्या, जादा देतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देऊ नये. भंगाराच्या भावापेक्षा जास्त देणारा माणूस पितळ विकत घेत नसतो.

७) प्रत्येक खरेदीला नाव, गाव, तारीख, वजन लिहावे.

त्या संध्याकाळचे काय झाले

आम्ही शेजाऱ्याचा हात धरला आणि हातोडी खाली ठेवायला लावली. दुकानातली गिऱ्हाइके बाहेर काढली. माल होता तिथेच राहू दिला. शेजारी भावाला भीती वाटत होती की पोलिसांना कळवले तर उलट आपलीच चौकशी होईल. खरे सांगायचे तर ही भीती आम्हालाही होती. "गपचूप नाल्यात टाकून देऊ," असेही एक जण म्हणाला. पण नाल्यात टाकलेले काडतूस उद्या दुसऱ्याच्या पोराच्या हाती लागले असते. आणि ज्या गोष्टीची आपण स्वतः खबर देतो तिचा जाब देणे सोपे असते, जी लपवतो तिचा कठीण.

फोन केला. पोलीस आले, पंचनामा झाला, त्यांनी माल ताब्यात घेतला. पोराला विचारले, त्याने कोणत्या वस्तीवरून गोणी भरली ते सांगितले. शेजाऱ्याची खरेदी-वही पाहिली. त्यात पोराचे नाव आणि आधीचे सौदे लिहिलेले होते, त्यामुळे बोलणे लवकर आटोपले. दोन-अडीच तासांचा धंदा बुडाला, एवढेच नुकसान.

ते वयस्क कारागीर दुसऱ्या दिवशी आमच्या गादीवर येऊन बसले. म्हणाले, "भाईजान, मी तर ऐकीव बोललो होतो." आम्ही म्हटले, बाजारात निम्मे नुकसान ऐकीव गोष्टींनीच होते. पुंगळी पुन्हा भरता येते हे खरे आहे. पण ती भरण्याचा अधिकार, विद्या आणि हत्यारे ज्यांच्याकडे आहेत ते आपल्या काट्यावर माल घ्यायला येत नाहीत. जो येतो त्याच्याकडे या तिन्हींपैकी एकही नसते.

आपल्या हातात पितळ वितळवून नवा हंडा, नवी समई, नवी तोटी बनवण्याची विद्या आहे. ती पिढ्यान्पिढ्यांची आहे आणि तिच्यावर घरे चालतात. तेवढीच वापरावी, वही नीट ठेवावी आणि गोणीतली पहिली पुंगळी दिसताच हातोडी खाली ठेवावी, एवढेच आमचे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे आहे.